‘पाळीव’ या शब्दाचा संकोच : हिवाळी वाचने, आगामी पुस्तके आणि समीक्षेचे मौन

१

मराठी वाङ्मयीन संस्कृतीला आता एक निश्चित असा ऋतू प्राप्त झाला आहे. दिवाळी अंकांचा भर ओसरला, की व्याख्यानमाला, साहित्यसंमेलने, ग्रंथमहोत्सव आणि महाविद्यालयांतील मराठी विभागांचे कार्यक्रम यांचा हंगाम सुरू होतो. मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, तो कसाबसा संपतो. या हंगामाच्या तोंडावर लेखक आपली वाचने कोठे कोठे व्हायची आहेत ते कळवितो, आगामी पुस्तकाविषयी दोन शब्द बोलतो आणि वाचकाने वाट पाहावी अशी इच्छा व्यक्त करतो. या आगामी पुस्तकांमध्ये अलीकडे एक प्रकार ठळकपणे दिसू लागला आहे. घरातील मांजर, घरातील कुत्रा, त्यांच्या लडिवाळ सवयी, त्यांचे आजारपण आणि अखेरीस त्यांचा मृत्यू यांवर बेतलेले, बहुधा सचित्र आणि नेहमी ‘हृद्य’ असे विशेषण धारण करणारे ललित पुस्तक हा तो प्रकार होय.

लेखकाच्या या हिवाळी उत्सुकतेत निंद्य असे काहीच नाही. लेखन हा एकट्याने करावयाचा उद्योग आहे, आणि वर्षभर एका टेबलाशी बसलेल्या माणसाला चार माणसांसमोर उभे राहून आपले शब्द मोठ्याने म्हणावेसे वाटले, तर त्याचा हेवा करण्याचे कारण नाही. प्रश्न लेखकाचा नाहीच. तो समीक्षेचा आहे. आगामी पुस्तकाची वाट पाहणे हा वाचकाचा अधिकार असला, तरी समीक्षकाचा तो व्यवसाय नव्हे. असे असूनही मराठी समीक्षा गेल्या काही वर्षांत पुस्तकाच्या आगमनाची वर्दी देण्यालाच समीक्षा समजू लागली आहे. पुस्तक येण्यापूर्वी स्वागत, आल्यावर परिचय आणि वाचनाच्या कार्यक्रमानंतर अभिनंदन, एवढ्यातच तिचे कार्य आटोपते. सुगीनंतर दारोदार फिरणारा नंदीबैल मालकाच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतो. परंतु त्याच्या मानेला निदान दोरीचे कारण असते.

प्राणिविषयक पुस्तकांच्या बाबतीत हे मान डोलावणे अधिक घातक ठरते. याचे कारण असे, की या पुस्तकांनी एका मोठ्या मराठी शब्दाचा अर्थ नकळत आकुंचित केला आहे आणि समीक्षेने त्याची नोंदही घेतलेली नाही. तो शब्द आहे ‘पाळीव’.

२

वाचनाच्या परंपरेचा विचार प्रथम करावयास हवा, कारण प्रकट वाचन ही काही परकीय साहित्यव्यवहारातून उचललेली रीत आहे असा एक गैरसमज विद्यापीठीय वर्तुळांत आढळतो. संगमनेरसारख्या गावात उभे राहून हा गैरसमज बाळगणे अशक्य आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) या गावचे. लावणी, पोवाडा आणि फटका हे त्यांचे प्रकार, म्हणजे तिन्ही कानाने ऐकावयाचे. ‘माधवनिधन’सारखी त्यांची ओवीबद्ध रचनाही श्रोता गृहीत धरूनच चालते. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यात गृहीत असलेली गोष्ट महत्त्वाची आहे. कवीला समोरून, तोंडावर, जाब विचारता येत होता. श्रोता केवळ टाळ्या वाजविण्यासाठी जमलेला नव्हता. तो कवीला दिशा बदलावयास लावू शकत होता. आज त्याच फंदींच्या नावाने संगमनेरात व्याख्यानमाला चालते, ही समाधानाची बाब आहे. परंतु व्याख्यानमाला आणि जाब यांचा संबंध अजून उरला आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला विचारता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेला नवे रूप आले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाच्या निमित्ताने महाराष्ट्र पालथा घातला. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी कविता गावोगाव नेली. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी बोरकरांची व मर्ढेकरांची कविता वाचून दाखविली, तेव्हा ‘दुर्बोध’ म्हणून दूर ठेवलेला कवी कानावाटे जवळ आला. या उपक्रमांचे वाङ्मयीन ऋण मोठे आहे. तथापि त्यांनी एक सवयही लावली. श्रोता ज्या ठिकाणी हसतो ते ठिकाण पक्के होते. ज्या ठिकाणी गप्प होतो ते पुढच्या कार्यक्रमात गळते. संहितेची ही गाळणी कोणी हेतुपुरस्सर बसविलेली नसते, पण ती काम करीत राहते.

मराठीतील ‘पाळीव’ प्राण्याच्या वाङ्मयीन स्थानाचा निकाल या गाळणीने लावला. पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा विनोदी लेख वाचनामुळे आणि ध्वनिमुद्रणामुळे घराघरांत पोचला. नीट वाचला तर हा लेख प्राण्यांवर नाही. प्राण्यांच्या मालकांवर आहे. आपल्या कुत्र्याच्या कौतुकात पाहुण्याची दैना न दिसणारा मध्यमवर्गीय मालक हा त्याचा विषय. हा उपहास नेमका आहे. परंतु ऐकणाऱ्या पिढ्यांनी त्यातून एवढेच घेतले, की प्राण्यावर लिहावयाचे म्हणजे हलकेफुलके लिहावयाचे. आणि काळाचा विनोद असा, की ज्या मालकाची पु. लं.नी थट्टा केली तोच आता लेखक झाला असून हिवाळ्यात वाचनाला निघाला आहे. त्याची थट्टा करणारे कोणी शिल्लक नाही, एवढाच काय तो फरक.

३

‘पाळीव’ हा शब्द मराठीत कोणाला लागू होतो? इंग्रजीतील ‘पेट’ या शब्दाचे भाषांतर म्हणून तो हल्ली सर्रास योजला जातो. पण शाळेच्या पहिल्या पुस्तकातील पाळीव प्राण्यांच्या चित्रांत गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी, गाढव, कुत्रा आणि मांजर ही सर्व मंडळी एकत्र नांदतात. मराठी शब्दाने श्रम करणारा प्राणी, दूध देणारा प्राणी, खाण्यासाठी वाढविलेला प्राणी आणि केवळ सोबतीला ठेवलेला प्राणी असा भेद केलेला नाही. ‘पेट’ हा शब्द यांपैकी फक्त शेवटच्याला ओळखतो. तेव्हा ‘पाळीव’ हे ‘पेट’चे भाषांतर नसून त्याचा संकोच आहे, आणि हा संकोच ज्या घरांत गोठा नाही त्या घरांच्या सोयीचा आहे.

क्रियापदाकडे वळले तर गुंतागुंत वाढते. मराठीत जनावर पाळतात, तसा शब्द पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात आणि विटाळही पाळतात. सांभाळ करणे आणि मर्यादा आखणे ही दोन्ही कामे एकच क्रियापद करते. ज्या समाजाने गायीला दावणीत आणि माणसाला वेशीबाहेर ठेवले, त्या समाजाच्या भाषेत हे क्रियापद दोहोंकडे वापरले जावे, हा केवळ कोशाचा योगायोग मानून पुढे जाणे समीक्षेला शोभत नाही.

संगमनेर-अकोले परिसरातील हिवाळा याच संदर्भात पाहता येतो. ज्या दिवसांत लेखकाची वाचने सुरू होतात, त्याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली तोडकऱ्यांची कुटुंबे कोप्या घालून राहतात. गाडीवान आपल्या बैलांसह येतो. उसाचे वाढे हीच त्या बैलांची वैरण आणि उरलेली विकून मिळणारी चार पैशांची कमाई. पहाटे डेअरीवर दूध घालणाऱ्याच्या दृष्टीने संकरित गाय फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांत मोजली जाते, आणि तिच्या कानातील बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. त्याच गायीला घरात नावही असते. पश्चिमेकडे, अकोल्याच्या डांगाणात, मुसळधार पावसाला टिकणारी डांगी जनावरे आहेत, तीही पाळीवच. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने याच जिल्ह्यात अनेक गोठ्यांतील दावी रिकामी केली. त्या रिकाम्या दाव्यांवर मराठीत किती पुस्तके आगामी म्हणून जाहीर झाली, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

कुत्र्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या भक्ष्यातील सुमारे ८७ टक्के भाग माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्याचा वाटा सुमारे ३९ टक्के. उसाच्या फडाशेजारच्या वस्तीवरचा कुत्रा हा घर आणि बिबट्या यांच्यामधील पहिली सीमा आहे. रात्री तो भुंकतो म्हणून घर झोपते, आणि एखाद्या सकाळी तो दिसत नाही. याही नात्यात माया आहे, पण ती गादीवर झोपविण्याची माया नव्हे. ‘हृद्य’ या विशेषणात ती मावत नाही.

४

प्राणिविषयक संहितेचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी मराठी समीक्षेजवळ आजवर दोनच उत्तरे राहिली आहेत. प्राणी एक तर रूपक असतो, नाही तर विनोदाचे निमित्त असतो. पहिल्या उत्तराचे नमुनेदार उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’चे (१९८२) ग्रहण. वानरांच्या टोळ्यांचे इतके संयत, निरीक्षणनिष्ठ चित्रण करणारी ही कृती प्रामुख्याने मानवी सत्तासंघर्षाची रूपककथा म्हणून वाचली गेली. शीर्षकाने या वाचनाला दार उघडून दिले हे खरे. पण वानर हा वानर म्हणून वाचताच येत नाही, तो माणसाचा मुखवटाच असला पाहिजे, हा आग्रह पंचतंत्राच्या सवयीचा आहे.

या दोन उत्तरांऐवजी चार साधे प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहेत. प्राण्याला कोण पोसते? त्याच्या श्रमाचे वा सहवासाचे मोल कोणाच्या पदरात पडते? त्याला नाव कोण देते? आणि तो मेल्यावर त्याचे काय होते? या प्रश्नांत कोणताही सैद्धान्तिक डामडौल नाही. परंतु त्यांनी संहितांचा क्रम बदलतो.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) घ्यावी. शेतगडी निवेदक, त्याच्या हाताखालची जनावरे आणि त्यांच्या जगात शिरणारा ट्रॅक्टर, एवढाच हा ऐवज. पोसणारा गडी आहे, मालकी दुसऱ्याची आहे. ज्याला स्वतःचे घरदार नाही त्याने जनावरांनाच गोत मानले, आणि ते गोत विकण्याचा अधिकार मात्र त्याला कधीच नव्हता. या कादंबरीची चर्चा ग्रामीण साहित्य, बोलीभाषा आणि यंत्रयुगाचे आगमन या तीन चौकटींत झाली. तिन्ही चौकटी योग्यच आहेत. पण ती मराठीतील पाळीव प्राण्यांवरची सर्वांत महत्त्वाची कादंबरी आहे, असे वाक्य या चर्चेत सहजासहजी सापडत नाही. कारण ‘पाळीव प्राण्यांवरचे पुस्तक’ म्हटल्याबरोबर समीक्षकाच्या डोळ्यांसमोर बैल येत नाही.

राम पटवर्धनांनी ‘पाडस’ (१९६७) या नावाने मराठीत आणलेली मार्जोरी रॉलिंग्ज यांची कादंबरी हे दुसरे उदाहरण. ती फ्लोरिडातील गरीब शेतकरी कुटुंबाची कथा असूनही मराठी वाचकाने तिला आपले मानले. कोवळे पीक खाणारे हरणाचे पिलू आणि त्या पिकावर जगणारे घर यांतून एकाचीच निवड करणे भाग पडते. मुलाचे प्रेम खरे आहे आणि भूकही खरी आहे. लेखिका दोहोंपैकी कोणालाही खोटे पाडीत नाही. या पुस्तकाकडे केवळ ‘बालमनाचे कोवळे चित्रण’ म्हणून पाहणारी दृष्टी त्यातील शेत विसरते.

तिसरे उदाहरण विलास मनोहर यांच्या ‘नेगल’चे. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वाढलेला बिबट्या हा त्याचा नायक. त्या प्रकल्पातील प्राण्यांचे अनाथालय ज्या परिस्थितीतून उभे राहिले ती समजून घेतली पाहिजे. माडिया आदिवासींची शिकार ही हौस नव्हती. ती भूक होती. शिकार झालेल्या मादीचे पिलू वाचवावयाचे, तर शिकाऱ्याच्या घरच्या भुकेचाही विचार करणे प्राप्त होते. म्हणजे येथे प्राण्यावरील माया माणसाच्या भुकेला वळसा घालून जात नाही, तिच्यातूनच जाते. प्राण्यासोबतच्या सहजीवनावरचे हे पुस्तक लोकप्रिय झाले, परंतु विद्यापीठीय समीक्षेने त्याला ‘अनुभवकथन’ या खात्यात टाकून आपली सुटका करून घेतली.

आता हेच चार प्रश्न आगामी म्हणून जाहीर होणाऱ्या शहरी श्वानपुराणांना विचारावेत. कुत्र्याला रोज सकाळी फिरावयास नेणारा माणूस कोण आहे, त्याचे नाव पुस्तकात येते काय, आणि कुत्र्याच्या नावाइतक्या वेळा तरी येते काय? प्रश्न खवचट वाटेल. पण तो पुस्तकाविरुद्ध नाही. उलट, त्याचे उत्तर देणारे पुस्तक अधिक चांगले होईल. व्हर्जिनिया वूल्फ यांनी एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या स्पॅनियलचे चरित्र ‘फ्लश’ (१९३३) या नावाने लिहिले. घरकुत्र्यावरचे याहून उघड पुस्तक कोणते? तरीही तो कुत्रा चोरीला जातो, खंडणीसाठी व्हाइटचॅपेलच्या दरिद्री वस्तीत डांबला जातो, आणि विम्पोल स्ट्रीटच्या उबदार खोलीला लागूनच असलेले दुसरे लंडन कुत्र्याच्या उंचीवरून वाचकाला दिसते. घरातल्या कुत्र्यावर लिहिले म्हणून समाज बाहेर ठेवावाच लागतो, असे नाही. तो बाहेर ठेवणे ही लेखकाने केलेली निवड असते. आणि निवडीचा जाब विचारणे हे समीक्षेचे काम आहे.

५

चार प्रश्नांतील शेवटचा प्रश्न, म्हणजे प्राणी मेल्यावर काय होते, हा मराठी संस्कृतीत सर्वांत अडचणीचा आहे. घरकुत्र्याच्या पुस्तकात मृत्यू हा भावनेचा कळस असतो: अंगणातील खड्डा, त्यावर लावलेले रोप, एक छायाचित्र. गोठ्यातील मृत्यूचा इतिहास निराळा आहे. ज्या बैलाला पोळ्याला पुरणपोळी खाऊ घातली, तोच मेला की त्याला हात लावणे मालकाला विटाळाचे होई. ते ढोर ओढून नेण्याचे काम गावकीने ज्यांच्यावर लादले होते, ते त्या पोळ्याच्या मिरवणुकीत कोठे उभे असत, हे सांगण्याची गरज नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. महारकीचे वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रातील मनुष्य-प्राणी संबंधाचा कोणताही इतिहास या तारखांवाचून लिहिता येणार नाही. तरीही प्राणिविषयक ललित लेखनावरील लेखांत या तारखा येत नाहीत.

शेजारच्या अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) मेलेल्या जनावराभोवतीची भूक, वाटणी आणि अपमान यांची जी व्यवस्था उभी केली, ती ‘गोतावळा’ला छेद देणारी नाही, ती त्याच कथेचा उरलेला अर्धा भाग आहे. एका संहितेत जनावर जिवंत असेपर्यंतचे नाते आहे, दुसरीत ते मेल्यानंतरचे. दोन्ही पुस्तके एकाच दशकातील असूनही एक ‘ग्रामीण’ कप्प्यात आणि दुसरे ‘दलित’ कप्प्यात गेले. कप्पे इतके पक्के झाले, की दोहोंमध्ये एकच बैल आहे हे दिसेनासे झाले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तील (१९८०) गाढव हे तिसरे टोक. पाठीवर बिऱ्हाड वाहणारे, स्वतःची जमीन नसलेल्या कैकाडी कुटुंबाचे ते एकमेव चालते घर. गाढवावर मराठीत विनोद पुष्कळ झाले. ‘उपरा’नंतर ते तितक्या निर्धास्तपणे कसे होऊ शकतात, हे समजत नाही. पुढे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) डुकराला पडद्यावर आणले, तेव्हा त्या डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला हसणारा गाव आणि चित्रपटगृहातील प्रेक्षक यांतील अंतर काही काळ तरी नाहीसे झाले. पाळणारा कोण आणि पाठलाग करावयास भाग पाडला गेलेला कोण, हा भेद एवढ्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल.

मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे मराठी घरांत पोचलेल्या शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘महेश’ ही कथा या संदर्भात आठवावी. बैलाला देव मानण्याचा उपदेश करणारे एक आणि त्याच्यासाठी मूठभर वैरण मिळविताना मोडून पडणारा गरीब मुसलमान शेतकरी गफूर दुसरा. पूजा करणारा आणि पोसणारा हे निराळे असू शकतात, हे शरच्चंद्रांनी एका छोट्या कथेत दाखविले. आज जनावर हा विषय पुन्हा सार्वजनिक वादांच्या केंद्रस्थानी आहे. राज्यात २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. बैलगाडा शर्यतींवरील २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या निकालापर्यंत न्यायालयीन प्रवास झाला. अशा काळात मराठी साहित्याने ‘पाळीव’ म्हणजे सोफ्यावरचे मांजर एवढेच समजावे, ही निरागसता नव्हे.

६

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा, की घरातल्या मांजरावर प्रेमाने लिहिणाऱ्या लेखकावर जातिव्यवस्थेचा भार कशासाठी टाकावा? आस्वादाला काही निर्भर जागा राहू द्यावी. हा आक्षेप सहृदय आहे, पण तो अर्धवट आहे. प्रत्येक पुस्तकात सर्व काही असावे अशी मागणी येथे नाही. मागणी एवढीच आहे, की एका अनुभवविश्वाने संपूर्ण शब्द बळकावू नये. मांजरावरचे पुस्तक मांजरावरचे म्हणून यावे. ते ‘मराठीतील प्राणिसाहित्याचे नवे दालन’ म्हणून जाहीर होऊ लागले, की आधीची दालने कोणी बंद केली हे विचारावे लागते.

दुसरा आक्षेप सिद्धान्ताच्या दिशेने येतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत ‘प्राणी-अभ्यास’ ही ज्ञानशाखा स्थिर झाली आहे. देरिदा यांनी १९९७ मध्ये आपल्या मांजरीच्या नजरेसमोर उघडे उभे राहण्यापासून तत्त्वचिंतनाला आरंभ केला. मराठीनेही तेथून सुरुवात करावी, असे सुचविले जाते. देरिदांचे चिंतन मूलगामी आहे यात शंका नाही. परंतु ते ज्या स्नानगृहातून सुरू होते ते स्नानगृह संगमनेर तालुक्यातील वस्तीवर नाही, एवढे भान असलेले बरे. या शाखेत मराठीला अधिक जवळचा जॉन बर्जर आहे. १९८० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या निबंधात त्याने दाखविले, की औद्योगिक समाजातून प्राणी प्रत्यक्ष जगण्यातून हद्दपार झाला आणि मग घरकुत्रा, खेळणे व प्राणिसंग्रहालय या रूपांत परतला. त्याच निबंधात तो शेतकऱ्याविषयी जे सांगतो त्याचा आशय असा, की शेतकरी आपल्या डुकरावर जीव लावतो आणि त्याचे मांस खारवून ठेवण्यातही समाधान मानतो. शहरी माणसाला येथील ‘आणि’ कळत नाही, त्याला तेथे ‘पण’ हवा असतो. मराठी समीक्षेचा सारा घोटाळा या ‘आणि’च्या आकलनात आहे. मात्र बर्जरचेही जसेच्या तसे उपयोजन करता येणार नाही. महाराष्ट्रात प्राणी हद्दपार झालेला नाही. तो गोठ्यात, फडात, रस्त्यावर आणि न्यायालयात आहे. तो हद्दपार झाला आहे तो फक्त ‘प्राणिसाहित्य’ या संज्ञेतून.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: श्रोत्यांना जड ऐकावयाचे नसते, हिवाळ्याच्या संध्याकाळी माणसे प्रसन्न होण्यासाठी येतात. या आक्षेपात श्रोत्यांचा अपमान आहे. जे. एम. कुट्सी यांनी ‘द लाइव्ह्ज ऑफ अॅनिमल्स’ (१९९९) ही कृती प्रथम प्रिन्स्टन विद्यापीठातील व्याख्यानांत वाचली, आणि ती काय होती? प्राण्यांवर व्याख्यान देणाऱ्या, ऐकणाऱ्यांना अवघडवून टाकणाऱ्या एका वृद्ध लेखिकेची कथा. व्याख्यानाच्या मंचावरूनच त्यांनी व्याख्यानाच्या सुखासीनतेला प्रश्न केला. आणि परदेशी उदाहरणाची तरी गरज काय? फटका हा प्रकारच मुळी श्रोत्याला सुनावण्यासाठी जन्मला. संगमनेरच्या शाहिराच्या श्रोत्यांना जे सोसत होते ते त्यांच्या पणतवंडांना सोसणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

७

मग करावयाचे काय? वाचनांवर बहिष्कार घालण्याचे कारण नाही, आणि घरकुत्र्यांच्या पुस्तकांवरही नाही. तीन गोष्टी मात्र ताबडतोब करता येतील.

वाचनाच्या कार्यक्रमात आगामी पुस्तकासोबत एक आधीचे पुस्तकही वाचले जावे. नव्या श्वानकथेशेजारी ‘गोतावळा’चे एखादे प्रकरण, ‘उपरा’तील एखादा मुक्काम वाचला गेला, तर श्रोता स्वतःच तुलना करील. त्यासाठी समीक्षकाने भाषण करण्याची गरज नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘आदिवासी’ आणि ‘ललित’ या कप्प्यांना आडवा छेद देणारी अभ्यासपत्रिका आखावी, आणि ‘पाळीव’ हा त्या छेदाचा एक उत्तम विषय आहे. संगमनेर, अकोले, राहुरी, सिन्नर येथील महाविद्यालयांत मराठी घेऊन शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी जनावरे आहेत. वैरण, दावे, वेसण, पेंड, माज, गाभण, भाकड या शब्दांचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागत नाही. तोच विद्यार्थी परीक्षेत ‘मराठी साहित्यातील पाळीव प्राणी’ या विषयावर विनोदी लेखनाची चार उदाहरणे देऊन थांबत असेल, तर त्याचे घर त्याच्या अभ्यासाबाहेर कोणी ठेवले? भाकड गायीचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्या घरात रात्री जेवताना निघतो. त्या प्रश्नाला मराठी कादंबरीत काय जागा आहे, हे विचारण्याचे साधन त्याला देणे हे मराठी विभागांचे कर्तव्य आहे. ते बजावले जात नाही तोपर्यंत त्याला साहित्य हे दुसऱ्या कोणाच्या तरी घरातले वाटत राहील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तिसरी गोष्ट समीक्षेपुरती. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा ‘लेखकराव’ होण्याविषयी फार पूर्वी इशारा दिला होता. आज लेखकाला लेखकराव करण्याचे काम समीक्षाच करीत आहे, कारण पुस्तक छापून येण्याआधी त्याचे स्वागत करणे तिला सोपे वाटते. समीक्षेने निदान पुस्तक येईपर्यंत थांबावे. आल्यावर ते वाचावे. आणि वाचून झाल्यावर त्यातील जनावराला वैरण कोण घालते, हे विचारावे. उत्तर पुस्तकात असेल तर ते सांगावे, नसेल तर तेही सांगावे. लेखकाच्या हिवाळ्याचे त्यामुळे काही बिघडणार नाही. ‘पाळीव’ या शब्दाला त्याचा गोठा मात्र परत मिळेल.